शिवेवरचा डोंगर

दुरून डोंगर साजरे, ही म्हण ज्याने प्रथम काढली तो खचित डोंगराच्या पायथ्याशी राहणारा असला पाहिजे. दूरच्या माणसाला डोंगर साजरा दिसतो. जवळ गेल्यावर तो तसा का राहत नाही, हे पायथ्याच्या माणसालाच ठाऊक. आमचे गाव मारुंजी हे पायथ्याचेही नव्हे आणि फार दूरचेही नव्हे. मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगास, हिंजवडीच्या शेजारी ते वसले आहे. आमच्या लहानपणी गावालगतच्या टेकडीवर चढून पश्चिमेकडे तोंड केले म्हणजे भाताच्या खाचरांपलीकडे निळसर डोंगरांच्या ओळी एकीमागे एक दिसत. शेवटच्या ओळीपलीकडे काय आहे, असे आजीस विचारले तर ती म्हणे, "तिथं आपलं संपतं. खाली कोकण." आपले कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हा भूगोलाचा पहिला धडा आम्हांस तिने दिला. पुढे जन्मभर मास्तरकी करून आम्ही मुलांना सीमा, सरहद्द, जलविभाजक वगैरे पुष्कळ शब्द शिकवले. पण तिच्या व्याख्येहून सोपी व्याख्या काही आम्हांस सापडली नाही.

आता खाचरांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या आणि वीसवीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. शेतांच्या बांधांवर जे हद्दीचे दगड असत, ज्यांच्यापायी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत, ते दगड यंत्राने एका दुपारी उपटून टाकले. डोंगर पाहायचाच झाला तर एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जावे लागते आणि तेथला रखवालदार, "कुणाकडं जायचंय?" असे विचारतो. "डोंगराकडे," असे उत्तर दिले तर तो फाटक उघडील असे वाटत नाही.

त्याच कचेऱ्यांपैकी एकीत आमचे चिरंजीव नोकरीस आहेत. मध्यंतरी कामानिमित्त ते काही महिने जर्मनीत राहून आले. त्या मुक्कामात सुट्टी काढून ते इटलीच्या उत्तर भागात, आल्प्स पर्वताच्या दोलोमाइट नावाच्या रांगेत भटकून आले, आणि परत आल्यावर चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मिझुरिना नावाच्या तळ्यापासून वर चढून गेले म्हणजे मोंते पियाना नावाचा सपाट माथ्याचा डोंगर लागतो. उंची २,३२४ मीटर. व्हेनिसचे प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रियाची बादशाही यांनी १७५३ साली या माथ्यावरून आपली सरहद्द आखली आणि तेथे खुणेचे दगड रोवले. पुढे १९१५ साली इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा माथ्याच्या दक्षिण अंगाला इटालियन व उत्तर अंगाला ऑस्ट्रियन असे दोन्ही पक्ष एकमेकांचा खोकला ऐकू यावा इतक्या अंतरावर खंदक खणून बसले. दोन वर्षांहून अधिक काळ ते बसलेच होते. खडकात बोगदे खोदले, बर्फात कुडकुडले, हिमकड्याखाली गाडले गेले, गोळ्यांनी मेले. त्या एका डोंगरावर सुमारे १४,००० माणसे दगावली असे सांगतात. १९१७ च्या शरदात दुसऱ्याच ठिकाणी इटालियनांचा पराभव झाला आणि या डोंगरावरची फौज मुकाट्याने खाली उतरली. डोंगर कोणी जिंकलाही नाही आणि कोणी हरलाही नाही. गंमत अशी की, युद्ध संपल्यावर १९१९ च्या तहाने सरहद्दच उत्तरेकडे सरकली आणि तो संबंध डोंगर इटलीच्या पोटात गेला. ज्या रेषेसाठी इतकी माणसे मेली ती रेषाच तेथून उठून गेली!

परंतु चिरंजीवांना नवल वाटले ते याचे नव्हे. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील वॉल्टर शाउमान नावाच्या अधिकाऱ्याने १९७० नंतर पुढाकार घेतला, निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले आणि ते बुजलेले खंदक, ते बोगदे, त्या पायवाटा पुन्हा मोकळ्या केल्या. आज तो डोंगर म्हणजे उघड्या आकाशाखालचे संग्रहालय आहे. एकेकाळच्या वैऱ्यांची नातवंडे एकाच वाटेने चढतात आणि दोन्ही बाजूंचे खंदक पाहून उतरतात.

हे सर्व सांगून झाल्यावर जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपल्याकडे असा एखादा डोंगर आहे का?"

आम्ही जरा घुश्शातच म्हणालो, "एक का? शंभर आहेत. तुझ्या त्या डोंगरावर दोन वर्षे लढाई झाली, आमच्या डोंगरांवर दोनशे वर्षे झाली."

"मग त्यांतला एक दाखवा."

आमचा घास हातातच राहिला. गेली कित्येक वर्षे आम्ही सातवीच्या वर्गात एक वाक्य शिकवीत आलो होतो: 'इसवी सन १८१८ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांचे किल्ले एकेक करून जिंकून घेतले.' मुले ते पाठ करीत आणि पेपरात लिहीत. पण त्या 'एकेक करून' या दोन शब्दांत काय आहे, हे पाहण्यासाठी आपल्याच तालुक्याच्या शिवेवरच्या डोंगरावर आम्ही एकदाही गेलो नव्हतो. आमच्या सौभाग्यवतींनी ताटात भाजी वाढता वाढता आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीचा अर्थ लावण्यास संसाराचा अनुभव पुरेसा होता. पुढच्याच रविवारी कोरीगडास जायचे ठरले.

मार्गशीर्षातली थंडी होती. जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे निघालो. मळवलीच्या अलीकडेपलीकडे डाव्या हातास लोहगड आणि विसापूर ही जोडी दिसू लागली. लोणावळ्यावरून दक्षिणेकडे वळून घुसळखांबाच्या फाट्याशी आलो, तेव्हा तुंगाचा टोकदार सुळका समोर आला. मग पेठ शहापूर. या सर्व किल्ल्यांची नावे आम्ही चिरंजीवांस मोठ्या ऐटीत सांगत होतो. आणि सांगता सांगता आमच्या ध्यानात आले की, प्रॉथर नावाच्या इंग्रज कर्नलाने हीच यादी घोकली होती. फरक इतकाच की, त्याच्याबरोबर मोठमोठ्या तोफा होत्या आणि आमच्याबरोबर दशम्यांचा डबा होता.

कोरीगड मुळशी तालुक्याच्या पश्चिम शिवेवर, घाटमाथ्याच्या जवळ उभा आहे. कोरबारसे मावळाचा हा राखणदार. पायथ्याशी पेठ शहापूर व आंबवणे ही गावे. त्याच पायथ्याशी हल्ली श्रीमंतांसाठी वसवलेले एक नगर आहे. गडावरून पाहिले म्हणजे त्यातील तळे आणि बंगल्यांच्या ओळी खेळातल्या गावासारख्या दिसतात. पेठ शहापुराहून पायऱ्या चढत गेले म्हणजे वाटेत कातळात खोदलेल्या गुहा लागतात, गणपतीचे छोटे देऊळ लागते, आणि अर्ध्यापाऊण तासात गणेश दरवाजातून माणूस माथ्यावर पोहोचतो. आम्हांस यापेक्षा बराच अधिक वेळ लागला, पण तो आमच्या वयाचा दोष, गडाचा नव्हे.

माथा पाहून चिरंजीव थबकले. म्हणाले, "हा तर तसाच आहे. सपाट." खरोखरच सह्याद्रीतील कित्येक किल्ले म्हणजे शेंडीला टेकवलेले पागोटे, पण हा मात्र पाटासारखा सपाट आहे, आणि त्याच्या चारी कडांनी तटबंदी अजून जवळजवळ अखंड उभी आहे. तटावरून चालत गडाला पुरती प्रदक्षिणा घालता येते. मध्ये दोन तळी आहेत, कोराईदेवीचे देऊळ आहे, आणि ठिकठिकाणी लोखंडी तोफा पडलेल्या आहेत. पश्चिमेच्या तटावर उभे राहिले म्हणजे आजीचे शब्द आठवतात. खरेच तेथे आपले संपते. जमीन एकाएकी तुटते आणि खोल खाली कोकण पसरलेले दिसते. वाघजाईचा घाट, सवाष्णीचा घाट अशा वाटा याच मुलखातून खाली उतरतात. मिठाचे बैल, तांदळाच्या गोण्या, माहेरवाशिणी आणि फौजा, सगळ्यांना याच वाटा. मीठ वर येई, माणसे खाली जात. आणि वाटेवर नजर ठेवायला वर किल्ला. एरवी जी शीव म्हणजे दोन्हीकडच्या सोयरिकींचा उंबरठा, तीच लढाईच्या दिवसांत मृत्यूचा दरवाजा होई. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान आपली जड फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या रानात शिवाजीमहाराजांच्या तावडीत अलगद सापडला, तो प्रसंग याच आसमंतातला. डोंगराची शीव ज्याला ठाऊक त्याची ती ढाल होते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचा सापळा.

महाराजांनी १६५७ च्या सुमारास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्याबरोबर कोरीगडही स्वराज्यात आणला. त्यानंतरची दीडशे वर्षे एका उडीत ओलांडून आपण १८१८ सालावर येऊ. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली होती आणि त्याच महिन्यात पुणे पडले होते. बाजीराव पळत होता. फेब्रुवारीत सातारा गेला, अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. म्हणजे ज्या राज्याची शीव राखायची ते राज्य मागच्या मागे नाहीसे होत चालले होते. तरीही शिवेवरचे किल्ले अजून उभे होते. कर्नल प्रॉथर कोकणातले काही किल्ले घेऊन घाट चढून वर आला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात विसापूर पडला, तो पाहून लोहगडची माणसे गड सोडून गेली. त्याच लाटेत तुंग व तिकोनाही गेले. मग तो कोरीगडास भिडला.

येथे मात्र दरवाजा उघडला नाही. तीन दिवस गडावर तोफगोळ्यांचा वर्षाव होत होता. हा सपाट माथा एरवी फार सोयीचा. तळ्याला पाणी, शिबंदीला ऐसपैस जागा. पण वरून येणाऱ्या गोळ्यापासून लपायला त्यावर डोंगराची एक घडीही नाही. तट समोरून येणाऱ्या माणसाला अडवतो. डोक्यावरून येणाऱ्या गोळ्याला तो काय अडवणार? अखेर १४ मार्च १८१८ रोजी एक गोळा दारूच्या कोठारावर पडला. कोठार उडाले, आणि त्याबरोबर लढण्याचे साधनच गेले. गड स्वाधीन झाला. पुढे तीन दिवसांत शेजारचा घनगड गेला, आणि १० मे रोजी याच प्रॉथरने रायगड घेतला, तोही असाच तोफगोळ्यांची आग लावून. ३ जून रोजी बाजीराव स्वतः माल्कमच्या हवाली झाला. 'एकेक करून' याचा अर्थ हा असा.

कोराईच्या देवळाशी गावची एक म्हातारी बाई ताक विकायला बसली होती. चिरंजीवांनी ताक घेतले आणि विचारले, "आजी, देवीचं जागृत स्थान म्हणतात ना?"

"तर वो! लय सोनं होतं आईच्या अंगावर. गोऱ्यानं नेलं. मुंबईला मुंबाआईला घातलंय म्हनत्यात."

कोराईचे दागिने मुंबादेवीस वाहिले, ही कथा या भागात सर्वत्र सांगतात. देवळाजवळच एक मोठी तोफ आहे, तिचे नाव लक्ष्मी. म्हातारीने तेही सांगितले, आणि जाताना तोफेला हात लावून तो कपाळाला लावायलाही ती विसरली नाही.

आम्ही तटावर बसून दशमी खात होतो. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, गड घेणाऱ्याचं नाव तुम्हांला ठाऊक आहे. तोफेचं नाव त्या आजींना ठाऊक आहे. देवीचे दागिने कुठे गेले तेही ठाऊक आहे. तीन दिवस जे इथे आत होते, त्यांची नावं काय?"

आम्ही घरून निघताना कपाटातली दोनतीन पुस्तके चाळून आलो होतो. त्यांत प्रॉथर होता, तारखा होत्या, दारूचे कोठार होते. ज्यांच्या डोक्यावर ते कोठार उडाले त्यांतील एकाचेही नाव नव्हते. गडावर सर्वत्र हिंडलो, पण नावे कोरलेला एकही दगड आम्हांस दिसला नाही. ही माणसे काही आकाशातून आली नव्हती. आसपासच्याच मावळातली ती असणार. नाचणी-भात पिकवणारी, पावसाळ्यात घोंगडीची खोळ करून गुरांमागे जाणारी. त्यांचे वंशज आजही याच गावांतून राहत असतील, कदाचित त्या नगरात बंगल्यांची बाग राखत असतील, कदाचित ताक विकत असतील. डोंगराने दगड तेवढे जपले. नावे जपणे हे डोंगराचे काम नव्हे. ते माणसांचे, आणि माणसांनी ते केले नाही.

चिरंजीवांनी मग जो प्रश्न विचारला तो मात्र आम्हांस अगदी अनपेक्षित होता. "आपल्या घरातून कोणी लढाईवर गेलं होतं का?"

गेले होते. आमच्या आजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन गेले आणि परत आले नाहीत. 'बसऱ्याला गेले' एवढेच घरात बोलले जाई. तिकडे मेसोपोटेमियात, म्हणजे हल्लीच्या इराकात, १९१४ पासून तुर्कांशी लढाई चालू होती आणि मराठ्यांच्या कित्येक पलटणी तेथे लढल्या. कुतच्या वेढ्यात सापडल्या, १९१६ च्या एप्रिलात कुत पडल्यावर कैद झाल्या. आमच्या गृहस्थांचे यांपैकी काय झाले, ते घरात कोणी सांगत नसे. आजी त्यांचा उल्लेख 'थोरले' असा करी. ती घरात सून होऊन आली ती ते गेल्यानंतर. तिने त्यांना डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. पण थोरल्या दिराचे नाव घ्यायचे नाही, हा त्या काळच्या सुनांचा रिवाज तिने मरेपर्यंत पाळला. दिवाळीला थोरल्यांच्या नावाने एक पणती लावी, पितृपक्षात एक पान बाजूला वाढी, आणि नाव मात्र कधी ओठांवर आणीत नसे.

"आणि नाव काय त्यांचं?" चिरंजीवांनी विचारले.

समोर खोल दरी होती, तिच्याकडे पाहत आम्ही म्हणालो, "थोरले."

परतताना आम्ही लोणावळ्याचा रस्ता न धरता भांबर्डे, निवे करीत मुळशीच्या पाण्याकडे उतरलो. त्या रस्त्यावर ताम्हिणी घाटाचा फाटा लागतो. डावीकडे पौड, पुणे. उजवीकडे घाट उतरून माणगाव. त्या फाट्याशी गाडी उभी करून आम्ही चिरंजीवांस एक नाव सांगितले, कारण त्या दिवशी एकतरी नाव सांगणे आम्हांस आवश्यक वाटले. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फंट्रीत ते नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलखात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व माणसे मेली किंवा जखमी झाली. ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातगोळा टाकून मशीनगन व ती चालवणारा यांना त्यांनी निकामी केले, एकास गोळी घातली, आणि बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला अवधी नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मोर्चा हाती आला. पण लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते त्याच जागी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. तिच्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

चिरंजीव म्हणाले, "म्हणजे कोरीगडावर ज्या निशाणाविरुद्ध लढले, त्याच निशाणाखाली सव्वाशे वर्षांनी तिकडच्या डोंगरात लढले."

"होय," आम्ही म्हणालो. यापलीकडे त्याला उत्तर नव्हते. कोणाचे राज्य, कोणाची शीव, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पळसगावच्या बावीस वर्षांच्या पोराचे धैर्य त्या निवाड्यावर अवलंबून नाही. पण एक गोष्ट आमच्या मनात आली आणि मारुंजीपर्यंत ती गेली नाही. कोरीगडावरचा एखादा शिपाई यशवंत घाडग्यांहून कमी शूर होता असे समजण्यास काय आधार आहे? शौर्य दोन्हीकडे होते. नोंद एकाचीच झाली. पलटणीच्या कारकुनाने एका कागदावर चार ओळी लिहिल्या, आणि त्या चार ओळींच्या आधाराने जवळजवळ ऐंशी वर्षांनी परक्या मुलखातील लोकांनी दगडावर नाव कोरले.

कागद लिहिणारेही सर्वांना सारखेच लिहीत नसत. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीपाशी किंवा वेशीत सरकारने बसवलेले संगमरवराचे पाट आहेत. त्यांवर 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा अर्थाचा मजकूर असतो. आकडे आहेत, नावे नाहीत. बसऱ्याचे स्मारक तर याहून बोलके. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते बांधले; त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा घातला. पुढे १९९७ साली ते स्मारक शत-अल-अरबच्या काठावरून उचलून वाळवंटात नेऊन ठेवले. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेने २०२१ साली चौकशी करून या पंक्तिप्रपंचाबद्दल जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगले झाले. पण परक्याने आकडा लिहिला म्हणून त्याच्यावर रागवावे, तर आपण घरच्यांनी तरी काय लिहून ठेवले होते?

रात्री जेवण झाल्यावर चिरंजीव आपले यंत्र उघडून बसले. म्हणाले, "बाबा, त्या संस्थेच्या यादीत आता साध्या शिपायांची नावंही शोधता येतात. पलटण, मृत्यूची तारीख, कधी कधी गावसुद्धा मिळतं. काय नाव घालू?"

पडद्यावर एक रिकामी चौकट होती आणि तिच्यात एक बारीक रेघ उघडझाप करीत होती. आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. आमच्या वडिलांना ते नाव खचित ठाऊक होते. ते आमच्याजवळ चाळीस वर्षे राहिले, शेवटची दोन वर्षे तर अंथरुणावर होते आणि गोष्टी सांगायला कोणी मिळावे म्हणून वाट पाहत होते. आम्ही तेव्हा पेपर तपासत असू. हजारो मुलांना आम्ही पानिपताची तारीख विचारली. वडिलांना त्यांच्या चुलत्याचे नाव एकदाही विचारले नाही. यात रिवाजाचा दोष नाही आणि इंग्रजाचाही नाही. तो आमचा आहे.

सौभाग्यवती एकाएकी उठल्या आणि माळ्यावरून एक तांब्याचा हंडा काढून आणला. थोरल्यांनी पहिल्या पगारातून तो घेतला होता आणि त्यावर आपले नाव घालून घेतले होते, असे त्यांनी नवी नवरी असताना आजीकडून ऐकले होते. आमच्या घरातली ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, त्यांस होती! हंडा काळाठिक्कर पडला होता. चिंच आणि मीठ घेऊन तिघांनी तो आळीपाळीने घासला. तांबे उजळू लागले, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांची एक ओळ दिसू लागली. चिरंजीवांनी दिवा जवळ धरला. ओळीचा आरंभ पुरता झिजून गेला होता. शेवटचे एक अक्षर तेवढे लागले: जी.

मालोजी, संताजी, तुकाजी, रायाजी. आमच्या एका गावात अशी दोनशे नावे निघतील. पन्नासपंचावन्न वर्षे आजी तो हंडा रोज सकाळी राखेने घासत होती. जे नाव तिने तोंडाने कधी घेतले नाही, ते तिच्याच हातांनी, घर स्वच्छ ठेवण्याच्या भक्तीने, झिजवून टाकले.

त्या रात्री आम्ही एक नवी वही काढली आणि घरातल्या माणसांची नावे लिहायला बसलो. पहिल्या ओळीत लिहिले: '...जी. मारुंजीचे. महायुद्धात बसऱ्यास गेले.' नावाच्या आरंभाची जागा मोकळी ठेवली. मग आजोबा, वडील, चुलते, आम्ही, चिरंजीव अशी यादी झाली. सौभाग्यवती खांद्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "आणि बायकांची?"

आम्ही आजीचे सासरचे नाव लिहिले. "हे लग्नात ठेवलेलं. माहेरचं काय होतं?" त्यांनी विचारले.

वहीत आता दोन जागा मोकळ्या आहेत. भाऊबंदांत नव्वदीच्या पुढच्या एक आत्याबाई कासारसाईकडे असतात. त्यांना कमी ऐकू येते, पण त्या बोलतात पुष्कळ. येत्या रविवारी आम्ही वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.